लाथ चालते, हात चालत नाही

उलानबातर, ९ मार्च २००८

शाग्दरमामांना यांजमाचा नमस्कार.

हिवाळा कसा गेला? याक जगले का सगळे? बर्फ अजून गाडी पेलतंय ना? हे विचारून झालं, म्हणजे रीत पाळली. आई म्हणाली होती, "रीत सोडून काही लिहिलंस तर माझा भाऊ पत्र चुलीत घालेल."

आता कामाचं. येत्या ऑगस्टमध्ये मला खोव्सगोल सरोवर पोहून पार करायचं आहे. पश्चिमेच्या काठावरच्या करड्या टोकापासून समोरच्या पूर्वेच्या काठापर्यंत, अठरा किलोमीटर. अंगात नुसता पोहायचा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना गॉगल. ऊब धरणारा रबरी सूट घालायचा नाही, तो नियमात बसत नाही. सोबत एक नाव लागते. नावेतल्या माणसाने वारा बघायचा, दिशा दाखवायची, अधूनमधून चहा द्यायचा. त्या पाण्यावर तुमच्याइतकं आयुष्य कुणी काढलेलं नाही. म्हणून मला तुमची नाव हवी आणि नावेत तुम्ही हवे.

कशासाठी, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी चोइजिल नावाचा एक पहिलवान "पार करणारा पहिला माणूस मीच" म्हणून टीव्हीवर मिरवला. तो अर्ध्या वाटेत नावेचा दोर धरून लोंबकळत होता, याचा फोटो मी शोधून काढला आणि पोहण्याच्या समितीपुढे ठेवला. त्याचं नाव खोडलं गेलं. तेव्हापासून तो भेटेल तिथे मला विचारतो, "काय बाई, तुमच्या लहान मुलांच्या तलावात पाणी कुठवर येतं? घोट्यापर्यंत?" शेवटी मीही रेडिओवर बोलून बसले. मी नियमाने पार करीन. नाही जमलं, तर चोइजिलच्या दारात जाऊन त्याला दोन्ही हातांनी मानाचा निळा रेशमी खदग अर्पण करीन आणि चारचौघांत म्हणेन की तूच मोठा.

त्या माणसापुढे मान वाकवायची वेळ आली, तर ज्या तलावावर मी पोहायला शिकवते तिथल्या पोरांपुढे शिट्टी वाजवायला मला तोंड राहणार नाही. मला हे पार करायचंच आहे, मामा.

पत्र व्हॅनवाल्याबरोबर पाठवते आहे. उत्तर त्याच्याकडेच द्या.

तुमची,
यांजमा

---

खातगल, २ एप्रिल २००८

यांजमा,

याक जगले. काळी म्हातारी गाय मेली. बर्फ जाड आहे. झाली रीत. आता ऐक.

पहिली गोष्ट, तिचं नाव लिहायचं नाही. खोव्सगोल, खोव्सगोल काय लावलंयस? नळखात्यातला कारकून आहेस का तू? आम्ही तिला आई म्हणतो. तुझी आईसुद्धा म्हणायची, शहरात चौथ्या मजल्यावर राहायला जाईपर्यंत.

आपण त्या आईत दुधाची बादली विसळत नाही. पायाची धूळ झटकायची असली तरी पाणी भांड्यात घेऊन लांब जातो. आणि तू तिच्यात अख्खी उतरणार, तेही अंगाला चरबी चोपडून! मला माहीत आहे, पोहणारे चोपडतात. त्या तुझ्या चोइजिलने चोपडली होती. दोन दिवस काठावर तवंग दिसत होता, कुत्री चाटत होती.

मी सरकारी जहाजाचं सुकाणू धरून म्हातारा झालो. लाकूड नेलं, तेल नेलं, वादळात मेंढ्या नेल्या. इतक्या वर्षांत एकदाही गुडघ्याच्या वर ओला झालो नाही. खलाशी ओला झाला म्हणजे त्याला काम येत नाही, असं आमच्यात म्हणतात. हरीण पोहून जातं, कारण त्या बिचाऱ्याला नाव वल्हवता येत नाही. तुझ्या मामाकडे नाव आहे. तुला पलीकडे जायचंय ना? कोरडी बसवून सोडतो. पण पलीकडे तुझं राहिलंय काय? मी पाहिलंय, तिकडेही गवतच आहे.

आणि चोइजिल लबाड आहे हे सांगायला भिजायचं कशाला? लबाडाला लबाड कोरड्या तोंडानेही म्हणता येतं. तू मात्र रेडिओवर पैज लावून बसलीस. उचलली जीभ, लावली टाळ्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

इथे गावात मी काय तोंडाने सांगू? शाग्दरची भाची, पंचेचाळिशीची बाई, अर्धी उघडी, आईच्या पोटावर लाथा झाडत चालली आहे, आणि हा शेजारी बसून तिला चहा पाजतोय! इथली पोरंसोरंही हसतील. घोडीसुद्धा हसतील.

नाव मिळणार नाही. तुझ्या आईला म्हणावं, पोर मातीपासून इतकी उंच वाढवली की डोक्यात वारंच भरतं.

शाग्दर

---

उलानबातर, २८ एप्रिल २००८

मामा,

गायीचं वाईट वाटलं. पत्र चार वेळा वाचलं. नाव द्यायचीच नसती तर एका ओळीत भागलं असतं. ज्या अर्थी तुम्ही दोन्ही बाजूंनी कागद भरून शिव्या घातल्या आहेत, त्या अर्थी तुमचं मन अजून ठरलेलं नाही.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "याने सुकाणू धरलं होतं की सुकाणूने याला धरलं होतं, ते एकदा विचार." पुढचं लिहीत नाही, ती तुमची धाकटी बहीण आहे, तुम्हाला ऐकू आलं असेलच.

खलाशी ओला होत नाही, ही बढाई मी लहानपणापासून ऐकते आहे. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी नावेतून पडतं, आणि अख्खं गाव काठावर उभं राहून आईला दूध शिंपडतं, कारण उडी मारायला एकालाही पोहता येत नाही. याचा अभिमान कसला धरायचा? मी शहरात सहा-सात वर्षांच्या पोरांना आधी पाण्यावर आडवं पडायला शिकवते. ती तासाभरात शिकतात. तुम्हाला सत्तर वर्षांत जमलं नाही, म्हणून ते पाप झालं! नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि आई म्हणता ना तिला? मग आईच्या अंगावर पोर चढलं तर आई काय विटाळ मानते? चरबीचं म्हणाल तर मी फक्त काखेत आणि मानेला लावणार आहे, जिथे घासतं तिथे. तीही मेंढीच्या शेपटाची. बाजारातलं काही आईत सोडणार नाही.

मामा, मी विनवणी करते आहे असं समजू नका. माझ्याकडे दुसरी नाव आहे. तुमच्या शेजाऱ्याची. तोच, ज्याने चोइजिलला दोर दिला होता. त्याने आपणहून निरोप पाठवलाय की मला दोर लागला तर तोही मिळेल. आता बोला. तुमची भाची त्या नावेशेजारून पोहत गेलेली चालेल तुम्हाला? मग घोडी काय करतील ते मला कळवा.

यांजमा

---

खातगल, १६ जुलै २००८

यांजमा,

शेजाऱ्याच्या नावेचं नाव काढू नकोस. ती नाव नाही, फुटकी बादली आहे, आणि तो माणूस त्या बादलीचं भोक आहे.

मी उत्तर द्यायला उशीर केला तो मुद्दाम. तुला थोडं झुरू दे म्हटलं. बर्फ जूनच्या मध्यावर फुटलं, नाव डांबर लावून काठावर उलटी ठेवली आहे. येतो मी. पण आईची माफी मी मागणार, मोठ्याने मागणार, दूध शिंपडून मागणार, आणि माझं मागून होईपर्यंत तू पाण्यात बोट घालायचं नाहीस. गाव ऐकेल, ऐकू दे. आणि मी नावेत तुझ्याकडे पाठ करून बसणार. तुझी नंगी तंगडी बघायला मी येत नाही.

परवा तुमच्या समितीचा निरीक्षक येऊन गेला. तेमुलेन. असेल पंचविशीचा. डोळ्यांवर काळा चष्मा, जिभेवर नियम. परदेशात शिकून आलाय म्हणे. पाण्यात कसं पोहायचं ते नाही, पोहणाऱ्याकडे कसं बघायचं ते! त्यासाठी शाळा असते हे मला ठाऊक नव्हतं. उंटावर बसून शेळ्या हाकणारे पाहिलेत मी, पण तेही निदान शेळीसाठी ओरडतात.

मला म्हणाला, "आजोबा, त्यांना हात लावायचा नाही." मी म्हटलं, "बाळा, ती माझी बहिणीची पोर. मी कशाला हात लावू?" म्हणाला, "चुकून पाय लागला, लाटेने धक्का बसला, तर चालतं. मुद्दाम स्पर्श केला की बाद." मी विचारलं, "आणि बुडायला लागली तर?" म्हणाला, "तर ओढून घ्या. पण मग बाद." म्हणजे मेली तर विक्रम, जगली तर फजिती! वर मला विचारतो, "नावेत मळमळतं का हो?" मी म्हटलं, तुला मळमळेल. चक्कर मारून आणला. बिचारा हिरवा झाला.

नावेतून चहा कसा द्यायचा, याची तो आकडेमोड करत बसला होता. मी घोडे धरायची लांब काठी आणली, तिच्या टोकाच्या फासात बाटली अडकवली आणि त्याच्या नाकापुढे धरली. त्याने वही मिटली. चहा मीठ-दुधाचा असेल, लोणी आणि भाजलेलं पीठ घालून. तुझ्या शहरातली गोड पावडर मी देणार नाही.

काल आईत हात बुडवून पाहिला, मनात शंभर म्हणेपर्यंत. मग बोटं माझी वाटेनात. हे मी उगाच केलं, मासे आहेत का बघायला.

अजून वेळ आहे. घरी बस.

शाग्दर

---

खातगल, १९ ऑगस्ट २००८

यांजमा,

पलीकडच्या काठावर तू पाण्यातून बाहेर आलीस, त्यांनी तुला घोंगडीत गुंडाळलं, जीपमध्ये घातलं आणि नेलं. तुमचा तो निरीक्षक नाव लागायच्या आत उडी मारून त्याच जीपमध्ये चढला. मी नाव काठाला लावेपर्यंत धूळसुद्धा खाली बसली होती. तू एक अक्षर बोलली नाहीस. दोन आठवडे झाले, व्हॅनवाला तीनदा येऊन गेला, तुझं पत्र नाही. रागावली असशील तर रागाव. पण तुझं डोकं पाण्यात होतं आणि कानात मेण होतं, तेव्हा नावेत काय झालं ते तुला कळलेलं नाही. ते मी सांगणार. नंतर वाटेल ते कर.

अर्ध्याहून जास्त गेली होतीस. मी पाठ करून बसणार होतो, पण पाठ केली की वल्ही धरता येत नाहीत, म्हणून बघावंच लागलं. सुरुवातीला वाटलं, ही काय, उगाच हात फिरवते. दुपारपर्यंत मला कळलं की तू हात मोडेपर्यंत थांबणार नाहीस. तुझे ओठ जांभळे झाले होते. उत्तरेचा वारा सुटला. त्या शहाण्याने बाटली देण्याची वेळ झाली म्हणून सांगितलं. लाट उसळत होती, काठी नीट धरता येईना, म्हणून मी एक पाय नावेच्या काठावरून बाहेर टाकून बसलो. पाण्याच्या वीतभर वर. आईला पाय लावला नाही, हे लक्षात ठेव.

तू चहा प्यायला उताणी झालीस आणि लाटेने तुला नावेकडे ढकललं. तुझा पाय माझ्या बुटावर बसला. चांगला बसला.

मग काय झालं ते तुलाही माहीत आहे. पायाला पाय लागला की हात द्यायचा, नाहीतर माणसं एकमेकांची वैरी होतात. दूध प्यायला लागल्यापासून आपण हे करतो. बाजारात करतो, देवळात करतो, दारू प्यायलेला माणूससुद्धा शुद्ध हरपली तरी करतो. माझा हात गेला. मी नेला नाही, तो गेला. तुझा हात आला. बर्फाचा तुकडा धरल्यासारखा लागला. आणि तू वळून पुन्हा पोहायला लागलीस.

माझ्या मागून आवाज आला, "आजोबा, हे काय केलंत? बाद!"

मी म्हटलं, "काय बाद? तिने मला लाथ मारली."

"लाथ चालते. ती चुकून लागली. हात तुम्ही मुद्दाम दिलात."

मी म्हटलं, "लाथ चालते आणि माफी चालत नाही? हा कुठल्या रानट्यांचा खेळ आहे? तुला आईने काही शिकवलं का, की जन्मल्या जन्मल्या विमानात घातलं?"

तो म्हणाला, "मला कळतं हो, पण मी लिहिलं नाही तर चोइजिल उद्या मला खाईल." आणि तो तुला ओरडून सांगायला उभा राहिला. चालत्या नावेत उभा! नाव कलली, आणि त्याचा जाडा बूट सरळ माझ्या अंगठ्यावर. आणि यांजमा, ऐक. "बाद, बाद" करत असतानाच त्याचा हात माझ्याकडे आला. आपोआप. बोटं पसरून.

मी त्या हाताकडे बघितलं. म्हटलं, "का रे? मुद्दाम देतोयस ना?" आणि घेतला नाही. वल्हं धरलं.

पोराचं तोंड राखेसारखं झालं. तो हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग त्याने तो खिशात घातला. तुला ओरडून सांगायचं राहिलंच, तो खाली बसला. तू पोहतच होतीस.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण. म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि माझं बुडवलं, असं म्हण. मी येणारच नव्हतो, तूच शेजाऱ्याच्या नावेची धमकी दिलीस. तुम्ही असला खेळ काढता, ज्यात माणसासारखं वागलं की हरतो, आणि मग आम्हा अडाण्यांना दोष! गावात सगळ्यांना माहीत आहे की तू पार गेलीस. इथे कुणी नियम विचारत नाही. मामाचा हात टाळून गेली असतीस, तर मात्र इथे तुझं तोंड कुणी पाहिलं नसतं.

पण मला झोप लागत नाही. तुझं काम माझ्यामुळे गेलं. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच लिहिलं.

शाग्दर

---

उलानबातर, २१ सप्टेंबर २००८

मामा,

उशीर झाला, कारण दोन कामं उरकायची होती.

आधी रागाचं. मी बोलले नाही, कारण माझा जबडा उघडत नव्हता. जीपमध्ये दोन बायका माझ्या छातीला गरम दगड लावून बसल्या होत्या. बोलता यायला लागलं तेव्हा तुम्ही नाव वळवून पाण्यावर गेलेले. तुमच्यावर रागावायला निदान तोंड तरी हलावं लागतं.

तेमुलेन माझ्या शेजारी बसला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, मी वहीत अजून काही लिहिलेलं नाही. पाय लागला, एवढंच लिहितो. तिथे आपण तिघंच होतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझाही हात गेला," म्हणाला. "मग मी कुणाला बाद करू?"

मामा, मी मोहात पडले. खोटं कशाला बोलू? जीप कच्च्या रस्त्यावर खडखडत होती आणि मी मनात म्हणत होते, कुणाला कळणार आहे? विक्रम माझा. चोइजिल गप्प. मी त्याला शिट्टीच्या दोरीने बांधून रेडिओवर नेला असता.

पण त्याने दोर धरला म्हणून मी त्याचं नाव खोडायला लावलं. तेव्हा तो म्हणाला होता, "थोडाच वेळ धरला, त्याने काय होतं?" आणि मी सगळ्यांसमोर हसून विचारलं होतं, "थोडीशी लबाडी म्हणजे थोडासा प्रामाणिकपणा का?" लोक टाळ्या वाजवत होते. माझंच थोबाड, माझंच वाक्य. त्या बोलण्यावर मी दोन वर्षं जगले. आता ते गिळून टाकता येईना. मी स्वतः समितीला कळवलं. मुद्दाम स्पर्श, पोहणं बाद.

मग दुसरं काम. निळा खदग घेतला आणि चोइजिलच्या दारात गेले. त्याने शेजारपाजार जमवून ठेवला होता. दोन्ही हातांनी खदग दिला, म्हटलं, "तूच मोठा." तो हसून हसून खोकला. म्हणाला, "मी दोर धरला तो दमलो म्हणून. त्याचा फायदा तरी झाला. तू हात धरलास तो कशासाठी? माफी मागायला? अगं वेडे, बाद व्हायचंच होतं तर निदान थोडा आराम तरी करून घ्यायचास!" सगळे हसले. मी पायऱ्या उतरले. मान इतकी जड कधी झाली नव्हती. तलावावर गेले, पोरांना ओळीत उभं केलं. शिट्टी वाजवली. आधी आवाजच निघाला नाही, मग निघाला.

आईने मला विचारलं, "आपल्या म्हाताऱ्याने हात पुढे का केला?" तुमच्या पत्रातही तेच आहे, की तुमचा हात गेला म्हणून माझं बुडलं. तेवढं सुधारून घ्या. हात आधी माझा आला होता. पाय मी मारला, हात मी दिला. मला चांगलं आठवतं. हात अर्ध्यावर असतानाच नियमही आठवला. थंडीने डोकं बधिर झालं होतं असं सांगता आलं असतं, पण नव्हतं झालं. मागे घ्यायला वेळ होता. तेवढ्यात तुमचा हात आला, आणि तुमचं तोंड दिसलं. सकाळपासून शिव्या घालणारा माणूस इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. तुम्हाला वाटत होतं मी मरते आहे. तो हात हवेत सोडून मला पलीकडे जायचं नव्हतं. पलीकडे काय, गवतच होतं.

तर दोष तुमचा नाही. झोपा आता.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा उतरणार आहे. समितीची परवानगी आली आहे. तेमुलेनच येईल, मीच त्याला मागून घेतला. पण मामा, नाव तुमची हवी, आणि नावेत तुम्ही नकोत. रागावू नका. पुन्हा पाय लागला तर मी पुन्हा हात देईन. मला माझी खात्री आहे.

आणि त्या पोराचा हात घ्या. तो अजून मला फोन करून विचारतो, "आजोबा काही म्हणाले का?"

यांजमा

---

खातगल, १४ ऑक्टोबर २००८

यांजमा,

चोइजिलला खदग दिलास, हे मी गावात कुणाला सांगितलेलं नाही. मी शेजाऱ्याला मात्र सांगितलं, कारण त्याला आधीच कळलं होतं आणि तो हसत होता. आता हसत नाही. त्याची बादली दोन दिवसांपासून सापडत नाहीये.

तू कळवलंस समितीला. बरं केलंस असं मी म्हणणार नाही. मूर्खपणा आहे. तुझी आईही अशीच होती, गायीची लाथ खाल्ली तरी गायीचीच माफी मागायची. हे तिला वाचून दाखव.

मला नावेतून काढलंस. माझ्या नावेतून मला! बेचाळीस वर्षांत मला जहाजावरून कुणी उतरवलं नव्हतं, मंत्र्यानेसुद्धा नाही, आणि एकदा त्याच्या सामानावर ओकलो होतो मी. पण तू म्हणतेस ते खरं आहे. मी नावेत असलो की माझा पाय कुठेतरी बाहेर येणार. तुझ्यासाठी वल्हवायला खालच्या वस्तीतली ओयून येईल. तिला मी पाहिलंय, मांडी घालून बसते, जेवतानाही हलत नाही.

मी घोड्यावरून वळसा घालून पूर्वेच्या काठावर येईन. तू सरळ येणार आणि मी चार दिवस चिखल तुडवत. म्हणजे या खेळात पोहणारीपेक्षा बघणाराच जास्त दमतो. असो. त्या तेमुलेनला म्हणावं, नावेतून उतरला की आधी माझ्याकडे ये. त्याचा हात घेईन. तो माझ्याकडे राहिलाय, मला माहीत आहे.

आणि तू नियम नीट वाचून घे. मी त्या पोराला विचारायला लावणार आहे. पाणी घोट्याखाली गेलं, तू तुझ्या पायांनी पूर्ण बाहेर आलीस, त्याने वहीत लिहून सही केली, की संपलं ना? मग कुणी काही म्हणू शकत नाही ना? तोवर मी हात कमरेच्या पट्ट्यात खोचून लांब उभा राहीन. तू माझ्याकडे बघूही नकोस.

सही झाली, की मी येऊन तुझ्या पायावर पाय देणार आहे. मुद्दाम. चांगला जोरात.

शाग्दर